झाडांच्या सावलीतला पोहण्याचा तलाव : पानं, जांभळं आणि हिरवं पाणी

वाडीवाली | ३ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चौलला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. घरामागे सहा वर्षांपूर्वी पोहण्याचा तलाव बांधला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला पाच. हौसेपेक्षा बाबांच्या गुडघ्यांसाठी तो जास्त. जमिनीवर त्यांना चार पावलं जड जातात, पाण्यात मात्र तासभर चालतात. ज्या दिवशी पाण्यात उतरतात त्या दिवशी घरात त्यांचा आवाजसुद्धा मोकळा असतो.

तलावाच्या पश्चिमेला आजीने लावलेलं जांभूळ आहे. दक्षिणेला बदाम, त्याच्या पलीकडे बकुळ, आणि बाकी चहूबाजूंनी माड. मार्चमध्ये जांभळाच्या फुलांचे पांढरे तंतू पाण्यावर सायीसारखे धरले. एप्रिलमध्ये फरशीवर हिरवट बुळबुळीत थर आला. आज पाण्यातली दुसरी पायरी दिसत नाही. बाबा पंधरा दिवस पाण्यात उतरलेले नाहीत.

आम्ही काय करतो ते सांगते. वाडी बघणारे दादा दर आठवड्याला तरंगत्या डब्यात टीसीसीएच्या (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) २०० ग्रॅमच्या दोन गोळ्या टाकतात. पाणी फारच बिघडलं तर बादलीत कालवून किलोभर ब्लीचिंग पावडर. फिल्टर रात्री दोन तास चालतो. बाटलीतल्या पिवळ्या थेंबांच्या किटवर क्लोरीन ३ दाखवतं, म्हणजे भरपूर. तरी पाणी हिरवं! देखभालीला येणारे गृहस्थ म्हणतात जांभूळ तोडा, दुसरा इलाज नाही.

झाड तोडायचं नाही हे घरात ठरलेलं आहे. झाड ठेवून पाणी कसं राखायचं, एवढंच सांगा.

पोहणारा | ३ मे, रात्री १०.१५

झाड तोडू नका. आमच्या सोसायटीचा तलाव उघड्यावर आहे, एक झाड नाही, तरी दर मे महिन्यात हिरवा होतो. शेवाळाला ऊन लागतं. सावली तुमच्या बाजूने आहे.

वृक्षवल्ली | ४ मे, सकाळी ७.२०

वाडीवालीताई, आधी झाडाचं. शहराबाहेरच्या झाडतोडीसाठी महाराष्ट्रात १९६४चा कायदा आहे आणि जांभूळ, आंबा, फणस, साग ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. स्वतःच्या वाडीतलं झाड असलं तरी परवानगी लागते. 'उद्या माणूस पाठवतो' असं कुणी म्हणालं तर हे त्यांना जरूर सांगा.

आता पाण्यात पडणाऱ्या गोष्टींचं. प्रत्येक झाड वेगळा त्रास देतं, म्हणून सगळ्यांना एकच उपाय लावू नका. तुमच्याकडे खरा भार जांभळापेक्षा बदामाचा असणार. त्याचं पान वीतभर लांब, जाड, आणि वर्षातून दोनदा लाल होऊन गळतं : एकदा थंडीच्या शेवटी, एकदा भर पावसाळ्यात. त्यात टॅनिन खच्चून भरलेलं असतं. एक लाल पान पांढऱ्या भांड्यात रात्रभर भिजवून बघा, सकाळी कोऱ्या चहाचा रंग दिसेल. तसली दोनशे पानं तळाशी पडून आहेत असं समजा.

जांभळाची पानं त्या मानाने सोपी. त्याची फुलं आणि फळं हा ठरावीक हंगामाचा मामला आहे, तेवढा काळ सांभाळायचा. बकुळीची फुलं हलकी, वर तरंगतात, जाळीने सहज निघतात. माडाचा पाचोळा नाही, पण झावळ पडली तर फरशी फोडते; पाडेल्याला वेळेवर बोलवा.

नशीब म्हणा, तुमच्याकडे गुलमोहर किंवा चिंच नाही. त्यांची बारीक पानं स्किमरच्या, म्हणजे भिंतीतून वरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, टोपलीच्या भोकांतून आरपार जातात आणि पंपात बसतात.

रसायनी | ४ मे, सकाळी ११.०५

तीस वर्षं पाणीशुद्धीकरणात काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. रागावू नका, पण पहिली गोष्ट तातडीची आहे.

टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एका बादलीत, एका मापाने, एका डब्यात कधीही येऊ देऊ नका. दोन्ही क्लोरीनच, पण एकत्र आले की पेट घेऊ शकतात, स्फोट होऊ शकतो. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो. दादांना आजच सांगा, दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या आणा आणि खोलीच्या दोन टोकांना ठेवा.

आता पाणी. तुमच्या तलावात सुमारे ४२,००० लिटर पाणी बसतं. तुमचं पिवळ्या थेंबांचं किट एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं मोकळं किती आणि पानांच्या, घामाच्या घाणीशी बांधलं गेलेलं किती, हे त्याला कळत नाही. बांधलेलं क्लोरीन जवळजवळ निकामी असतं. उग्र वास येतो तो त्याचाच. लोक म्हणतात 'क्लोरीन जास्त झालंय', खरं तर मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. डीपीडीचं किट आणा, त्यात दोन्ही वेगळं कळतं.

दुसरं, टीसीसीएच्या गोळीत क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड असतं, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात. ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) हवंच. पण क्लोरीन खर्च होतं आणि हे पाण्यातच राहतं. आठवड्याला दोन गोळ्या म्हणजे तुमच्या पाण्यात दर आठवड्याला सुमारे ५ पीपीएमची भर. पावसाळा संपल्यापासून तीस आठवडे धरले तर १५०. एवढं झालं की ३ पीपीएम क्लोरीन असून नसल्यासारखं. शेवाळ मजेत वाढतं.

स्टॅबिलायझर मोजून सांगा. चाचणीच्या पट्टीवर रंग शेवटच्या खुणेच्याही पुढे गेला तर तलावाचं पाणी आणि बाटलीतलं पिण्याचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून पुन्हा मोजा, आणि आकडा दुप्पट धरा.

तिसरं, दोन तास फिल्टर फार कमी. पंपाच्या पाटीवर ताशी किती पाणी ते लिहिलेलं असेल. तो ८,००० लिटरचा असला तर सगळं पाणी एकदा फिरायला पाच तास हवेत. एक एचपीच्या पंपाला तासाला साधारण एक युनिट लागतं, त्या हिशोबाने खर्च बघा.

कोकणी_माणूस | ४ मे, दुपारी १.३०

आमच्याकडे टाकीत मोरचूद टाकायचे. एका रात्रीत शेवाळ साफ. ते का नाही करत?

रसायनी | ४ मे, दुपारी २.१०

मोरचूद म्हणजे तांबं. शेवाळ मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातून जात नाही. फरशीच्या सांध्यांवर निळे-हिरवे डाग बसतात, पिकलेल्या केसांना हिरवट झाक येते. आणि मेलेलं शेवाळ, तळाची पानं तशीच राहतात. ज्यात वडीलधारं माणूस रोज तासभर उभं राहणार त्या पाण्यात मी ते टाकणार नाही.

जॉर्जियाकर | ४ मे, रात्री ११.५०

आम्ही अटलांटाच्या बाहेर राहतो, मागच्या अंगणात पाइनची अकरा झाडं. मार्चअखेरीपासून एप्रिलमध्ये परागांचा पिवळा थर पाण्यावर येतो. पहिल्या वर्षी मला ते शेवाळ वाटलं आणि तीन दिवस क्लोरीन ओतत बसलो. परागांना क्लोरीनने काही होत नाही, ते गाळूनच काढावे लागतात.

एक उपाय मनापासून सांगतो. बायकांचे पातळ नायलॉनचे पायमोजे मिळतात ना, तो एक स्किमरच्या टोपलीवर चढवायचा. पराग, तंतू, बारीक पाकळ्या सगळं त्यात अडकतं, फिल्टरपर्यंत जातच नाही. तुमच्या जांभळाच्या तंतूंना नेमका हाच लागू पडेल. मात्र मोजा दिवसातून एकदा तरी बदला. भरला की पंपाला पाणी मिळत नाही आणि पंप कोरडा ओढायला लागतो. आवाज बदलतो, त्यावर कान ठेवा.

म्हापशेकर | ५ मे, सकाळी ८.००

ताई, तुमचा स्किमर कुठल्या भिंतीला आहे? आणि दुपारी पानं कुठल्या कोपऱ्यात जमतात?

वाडीवाली | ५ मे, सकाळी ९.१५

स्किमर पश्चिमेच्या भिंतीला, जांभळाखालीच. पानं मात्र दुपारनंतर पूर्वेच्या पायऱ्यांशी गोळा होतात. आजवर हे कधी मनात आलंच नव्हतं.

रसायनीकाका, मोजलं. पट्टी शेवटच्या खुणेला टेकली. निम्मं-निम्मं करून ७० आलं, म्हणजे १४०. पीएच ७.८. मोकळं क्लोरीन अर्धा पीपीएमसुद्धा नाही. तुम्ही न बघता सांगितलंत. बादल्या कालच वेगळ्या केल्या, ब्लीचिंग पावडर पार गोठ्याच्या खोलीत नेली.

म्हापशेकर | ५ मे, सकाळी १०.३०

तेच विचारायचं होतं. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि पाण्यावरचं सगळं पूर्वेला ढकलतो. तुमचा स्किमर पश्चिमेला, म्हणजे पानं त्याच्यापासून लांब पळतात. भिंत फोडून स्किमर हलवणं महागात जाईल. त्याऐवजी वेळ बदला. पहाटे वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून हलका येतो. पंप पहाटे चार ते नऊ चालवा, रात्रीचं सोडा. दुपारी चारच्या सुमारास पूर्वेच्या कडेने जाळी एकदा फिरवा. सगळा माल एका जागी मिळतो, दहा मिनिटांचं काम.

गोव्यात आमच्या घरी हे असंच चालतं. आम्ही पाण्यात एक फळीही तिरकी सोडून ठेवतो, एक टोक काठावर, एक पाण्यात. पावसाळ्यात बेडूक पडतात, त्यांना बाहेर चढता येत नाही. सकाळी स्किमरमध्ये मेलेला बेडूक काढण्यापेक्षा फळी बरी. एकदा धामणीचं पिल्लूही तिच्यावरून बाहेर गेलेलं पाहिलं आहे.

दक्षिणायन | ५ मे, दुपारी १२.२०

ब्रिस्बेनहून. आमच्याकडे युकॅलिप्टसची पानं वर्षभर पडतात, पानगळीचा असा हंगामच नाही.

म्हापशेकरांच्या म्हणण्यात एक भर. फिल्टरमधून पाणी जिथून परत तलावात येतं त्या तोंडांना फिरवता येणारी गोटी असते. ती किंचित वर आणि एकाच दिशेला वळवली की सगळा पृष्ठभाग सावकाश गोल फिरायला लागतो आणि पानं स्किमरच्या तोंडासमोरून जातात. पाण्यावर बकुळीचं एक फूल सोडून बघा, ते किती वेळात फिरून स्किमरशी येतं. नाही आलं तर गोटी थोडी आणखी फिरवा. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मधोमध हवी. वर गेली तर झडप काम करत नाही, खाली गेली तर पंप हवा ओढतो.

एडिसनकर | ५ मे, संध्याकाळी ६.४०

न्यू जर्सीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मेपल आणि ओक सगळं एकदम रिकामं करतात. आम्ही त्याआधीच तलाव झाकतो. पाण्यावर आच्छादन, त्यावर पानांची वेगळी जाळी. पानगळ संपली की जाळी चारी कोपऱ्यांनी उचलायची, पानं बाहेर. तुम्हाला तलाव बंद करायचा नाही, पण रात्रीपुरती जाळी ताणता येईल का? जे पाण्यात पडलंच नाही ते काढावं लागत नाही.

एक काळजी. घरात लहान मुलं येत असतील तर सैल जाळी किंवा प्लास्टिक पाण्यावर पसरून ठेवू नका. मूल त्यावर पाय टाकतं आणि गुंडाळलं जातं. जाळी ताठ आणि पाण्याच्या बरीच वर हवी.

वृक्षवल्ली | ५ मे, रात्री ८.३०

जाळीवरून सुचलं. पालघरकडे बहाडोलीला जांभळं उतरवायला झाडाभोवती बांबूंची परांची बांधतात, कारण फांद्या ठिसूळ, माणसाचं वजन पेलत नाहीत. तुम्हाला एवढी परांची नको. तलावावर आलेल्या फांद्यांखाली चार बांबू रोवून शेडनेट झोळीसारखी बांधा, उतार काठाकडे ठेवा. फळ जाळीवर पडेल आणि घरंगळत काठाला येईल. खायलाही मिळेल. पाण्यावर झुकलेल्या दोन-तीन फांद्या हलक्या करायच्या असतील तर फळं संपल्यावर जाणत्या माणसाकडून करून घ्या, आत्ता नको.

रसायनी | ६ मे, सकाळी ७.५०

१४० म्हणजे पाऊण पाणी बदलावं लागेल. स्टॅबिलायझर काढायचं दुसरं भरवशाचं औषध नाही. आणि हे मेमध्येच करा. चौलला पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात. तेव्हा तलाव रिकामा केलात तर खालचं भूजल रिकाम्या टाकीला वर उचलू शकतं, तळाला तडा जातो. आत्ता भूजल खोल आहे. तरी सगळा तळ उघडा पाडू नका, फूटभर ठेवा.

क्रम असा ठेवा. आधी तळाची सगळी पानं जाळीने बाहेर. पानं आत ठेवून औषध ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. मग पाणी काढा. क्लोरीन जवळजवळ शून्य आहे, माडांच्या ओळीत सोडायला हरकत नाही. विहिरीत मात्र उतरू देऊ नका. नवं पाणी भरलं की पीएच अ‍ॅसिडने ७.२ ते ७.४ वर आणा. अ‍ॅसिड नेहमी पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही.

यापुढे गोळ्या बंद, लिक्विड क्लोरीन वापरा. १० टक्क्यांचं असेल तर तुमच्या तलावात ४२० मिलिलिटरने १ पीपीएम वाढतं. पहिल्या दिवशी पाच लिटर, सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून, काठाने फिरत सावकाश ओतायचं. भिंती ब्रशने घासायच्या, शेवाळाच्या थराखाली औषध पोचत नाही. सकाळी मोजा. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर आत अजून काहीतरी खातंय, पुन्हा करा. आकडा ४ च्या खाली येईपर्यंत वडिलांना उतरवू नका. कॅन सावलीत ठेवा आणि महिन्यापुरतेच आणा, उन्हाळ्यात लिक्विडचा जोर लवकर उतरतो.

फिल्टरचा दाब स्वच्छ असताना किती ते भिंतीवर खडूने लिहा. त्यापेक्षा पाव पट वाढला की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढणं, आणि नंतर अर्धा मिनिट रिन्स. साफसफाईत तो दिवसातून दोनदाही करावा लागेल.

वाडीवाली | १७ मे, रात्री ९.००

मंडळी, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. पंधरा दिवसांचं सांगते.

तळातून अकरा घमेली पानं निघाली. वृक्षवल्ली म्हणतात ते अगदी खरं, नऊ घमेली बदामाचीच, काळी पडून लिबलिबीत झालेली, जाळीतून उचलताना शिरा तेवढ्या हातात यायच्या. जांभळाची उगाच बदनामी झाली. दादा काम थांबवून म्हणाले, "ताई, हे सगळं आपण औषधात शिजवत होतो." पाणी काढायला आणि भरायला चार दिवस गेले, विहिरीला उसंत देत देत. पहिल्या रात्री क्लोरीन १२ वरून सकाळी ५ वर आलं, दुसऱ्या रात्रीनंतर ८ वर, तिसऱ्या रात्री अर्ध्याच पीपीएमचा फरक. पाणी आधी हिरव्याचं दुधट राखाडी झालं, तेव्हा मी घाबरले होते. बॅकवॉश करत राहिलो आणि पाचव्या दिवशी तळाची फरशी दिसली.

पंप आता पहाटे चारला सुरू होतो. गोटी फिरवून बकुळीचं फूल सोडलं. पहिल्यांदा ते दोन कोपऱ्यांत अडकलं, तिसऱ्यांदा नीट फिरलं. बाबा खुर्ची टाकून घड्याळ लावून बसले होते. चौदा मिनिटांत फूल स्किमरमध्ये गेलं.

काल सकाळी क्लोरीन ३, पीएच ७.४. बाबा उतरले.

एक प्रश्न. पायऱ्यांवर जांभळे डाग आहेत आणि एक तपकिरी. कसे काढायचे?

रसायनी | १८ मे, सकाळी ७.१०

फार आनंद झाला. जांभळे डाग फळाच्या रंगाचे, रोजच्या क्लोरीनने हळूहळू फिके होतील, घासून फरशी खराब करू नका. तपकिरीवर व्हिटॅमिन सीची गोळी दोन मिनिटं धरून बघा. फिका झाला तर तो लोखंडाचा, विहिरीच्या पाण्यातला किंवा एखादा खिळा पडला असेल. नाही झाला तर पानाचा आहे.

वाडीवाली | २४ जून, संध्याकाळी ५.३०

पाऊस लागला. शेडनेटची झोळी परवा उतरवली. जांभळं रोज पाटीभर काठाला यायची. अर्धी आम्ही, अर्धी शेजारी, आणि रात्री वटवाघळं त्यांची त्यांची. पाण्यात दिवसाला आठ-दहा पडायची, ती बाबाच जाळीने काढायचे. आता तो त्यांनी स्वतःचा नेमच करून घेतला आहे, पाण्यात उतरायच्या आधी कडेने एक फेरी.

तपकिरी डाग व्हिटॅमिन सीने फिका झाला. खाली कपड्याचा एक गंजलेला चिमटा सापडला.

पावसाने पातळी वाढते, ती बाहेर काढताना क्लोरीनही जातं, म्हणून आता रोज मोजतो. फळीवर बेडूक बसलेला रोज दिसतो, म्हापशेकर. काल दोन होते.

पुढच्या महिन्यात बदामाची दुसरी पानगळ. बदाम तलावाच्या दक्षिणेला आहे आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, म्हणजे पानं थेट पाण्यावर. झोळी पावसाचं पाणी धरून फाटेल असं दादा म्हणतात. जाडी जाळी उभी, कुंपणासारखी, बदाम आणि तलाव यांच्या मध्ये बांधली तर चालेल का?

म्हापशेकर | २४ जून, संध्याकाळी ६.१५

चालेल. आमच्याकडे तशीच आहे, दहा फूट उंच, मासेमारीची जुनी जाळी. बारीक भोकांची घेऊ नका, वारा अडतो आणि बांबू आडवे होतात. खालची कड जमिनीपासून वीतभर वर ठेवा, म्हणजे साठलेली पानं खराट्याने ओढता येतात.